ज्याची गोष्ट, त्याचं पद

(युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हा त्यांच्या खेळातली पात्रं यायची, आपापलं भाषण करायची, लढायची, रडायची. गाणं मात्र सूत्रधाराकडे असायचं. सीतेला काय वाटतं हे सूत्रधार गाऊन सांगे, राम कसा दिसतो तेही तोच सांगे. ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो उभा राहून ऐकायचा आणि त्याच्या मनातलं दुसराच कुणीतरी गायचा. पुढे सदतीस वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला. त्या दिवशी चारच अंक झाले. पण शकुंतला स्वतः गायली, दुष्यंत स्वतः गायला. आदल्याच वर्षी सोकर बापूजी त्रिलोकेकरांनी ‘नलदमयंती’ संगीतात आणलं होतं, त्यांचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. तरी मराठी माणसाच्या मनात ही गोष्ट रुजली ती किर्लोस्करांमुळे. सूत्रधाराच्या तोंडचं गाणं काढून ते ज्याची गोष्ट आहे त्याच्या तोंडी दिलं गेलं.

मी जन्मभर संगीत नाटकावर प्रेम करत आलो ते या एका गोष्टीपायी. सूर आहेतच, राग आहेत, ताना आहेत. त्या सगळ्यांवर जाणकारांनी भरपूर लिहिलंय. संयोजकांनी निमंत्रण देताना सांगितलं होतं की संगीत नाटकावर बोला आणि मधून मधून एखादं पद म्हणूनही दाखवा. पद म्हणणार नाही. मला आज पदाच्या आधी जे बोलणं असतं त्याविषयी बोलायचंय.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे ते गुरुजी शाळेत मराठी आणि गणित शिकवायचे, आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजनाला पेटी धरायचे. त्यांची पेटी जुनी होती, दोन पट्ट्या दबक्या होत्या, त्या चुकवून ते वाजवायचे. मी त्यांचा विद्यार्थी. नाट्यपदं मी पहिल्यांदा ऐकली ती त्यांच्याकडून आणि रेडिओवरून. रेडिओवर निवेदिका नाटकाचं नाव सांगायची, कवीचं, गायकाचं, आणि पद सुरू व्हायचं. तीन-साडेतीन मिनिटांत संपायचं. गुरुजी ते संपल्यावर विचारायचे, “हे कोण म्हणतंय, आणि कुणाला म्हणतंय?” मी गायकाचं नाव सांगायचो. ते मान हलवायचे. “तसं नाही रे. नाटकात कोण कुणाला म्हणतंय?” आणि मग ते सांगत बसायचे. हातातली भाकरी तशीच राहायची.

पुढे तेव्हाच्या औरंगाबादला शिकायला गेलो आणि संत एकनाथ रंगमंदिरात किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ रंगमंचावर पाहिलं, तेव्हा गुरुजींच्या प्रश्नाचं महत्त्व डोळ्यांनी दिसलं. पहिल्या अंकात नारद येतो. कृष्णाच्या स्तुतीचं पद म्हणतच येतो. हे पद आपण हजारदा ऐकलेलं असतं. मैफलीत, स्पर्धेत, देवळात, लग्नात. नुसतं भक्तीचं पद म्हणून ऐकलेलं. नाटकात मात्र समोर अर्जुन उभा आहे, तीर्थयात्रेत भटकून थकलेला, सुभद्रेच्या आठवणीनं व्याकूळ झालेला. नारदाच्या ओठी देवाचं नाव आहे आणि पोटात बातमी आहे, की बलरामानं सुभद्रा दुर्योधनाला द्यायचं ठरवलंय. तो स्तुती संपवतो आणि मग ती बातमी अशी काही सोडतो की अर्जुनाच्या पायाखालची जमीन सरकते. पदातला भक्तिभाव खरा आहे. नारदाची खोडीही खरी आहे. दोन्ही एकाच तोंडात आहेत, म्हणून तो नारद आहे. पद मैफलीत उचलून नेलं की भक्ती उरते आणि नारद जातो.

मैफलीच्या मी विरुद्ध नाही. नाट्यसंगीताची मैफल नसती तर आपल्या भागात हे सूर पोचलेच नसते. पण पन्नास-साठ वर्षं आपण पदं जपली आणि त्यांच्या आजूबाजूची नाटकं सोडून दिली, हे मला सलतं. आज कुठल्याही गायन स्पर्धेत पंधरा वर्षांची मुलगी ‘स्वयंवरा’तलं पद अप्रतिम म्हणते. तिला कुणी विचारत नाही, की बाई, ही रुक्मिणी आहे, हिचा भाऊ हिचं लग्न तिसरीकडेच ठरवतोय, हिला स्वतःचा नवरा स्वतः निवडायचाय. ते कळलं तर ती तेच पद वेगळं म्हणेल. तिच्या आवाजाला कारण मिळेल.

आता आपल्या गावाकडे येऊ. सप्ताहातलं कीर्तन डोळ्यांपुढे आणा. महाराज मधोमध उभे, मागे दोन्ही अंगांना टाळकरी, एकीकडे मृदंग, शेजारी विणेकरी. महाराज साध्या बोलीत बोलत असतात, शेताचं, सासू-सुनेचं, भावकीच्या बांधाचं. बोलता बोलता आवाज किंचित चढतो. एक शब्द नेहमीपेक्षा लांबतो. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला लगेच कळतं की आता प्रमाण येणार, तो सावरून बसतो. महाराज अभंगाचा चरण अर्धा म्हणतात न म्हणतात तोच गायनाचार्य तो उचलतात, चाल वर नेतात, टाळ धरतात, मृदंग घुमतो. महाराजांचा हात वर गेला की सगळं जागच्या जागी थांबतं आणि पुन्हा बोलणं सुरू होतं. बोलण्याचं गाणं कुठे झालं आणि गाण्याचं बोलणं कुठे झालं, याची शिवण दिसत नाही.

संगीत नाटक हे याच घराण्यातलं आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, कानडी मुलखाच्या कडेचे. त्यांच्या कानात कानडी चाली होत्या, कीर्तन होतं, बायकांची गाणी होती, लावणी होती. ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ या दोन्हींत शंभराहून अधिक पदं आहेत. एवढी पदं एका रात्रीत कशी मावायची? मावायची, कारण त्यांतली पुष्कळशी साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा छोट्या रचना होत्या. कीर्तनकाराच्या तोंडी जशी ओवी सहज येऊन जाते तशा त्या यायच्या आणि गोष्ट पुढे ढकलून जायच्या. त्यांना आलाप नको, तान नको. कुणी ‘वन्स मोअर’ म्हणावं एवढं लांबण नाही. १८८२ मध्ये बडोद्याहून भाऊराव कोल्हटकर किर्लोस्करांच्या कंपनीत आले, त्यांच्या उंच आवाजानं लोक वेडे झाले, तरीही चाल सोपीच राहिली.

म्हणून मी म्हणतो, की कीर्तन ऐकून तयार झालेला आपला कान हा संगीत नाटकाचा मूळचा कान आहे. संगीत नाटक म्हणजे पुण्या-मुंबईच्या पेठांतली गोष्ट, आपला त्याच्याशी काय संबंध, असं आपल्याकडे फार वेळा ऐकू येतं. इतिहासानं आपल्याला तसं वाटायला लावलंय. १९११ ला ‘मानापमान’ आलं, १९१३ ला गंधर्व नाटक मंडळी निघाली, १९१६ ला ‘स्वयंवर’ आणि ‘संशयकल्लोळ’ आले, आणि हे सगळं घडत होतं तेव्हा आपण निजामाच्या मोगलाईत होतो. दरबाराची भाषा वेगळी, शाळेची भाषा वेगळी, आणि सभा-समारंभ करायचा तर ‘गश्ती निशाण ५३’सारख्या फर्मानाखाली परवानगी काढायची. इंग्रज मुलखातलं सोलापूर गाठलं तर मोठ्या कंपनीचा खेळ बघायला मिळे. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण सुटलो, तोवर तिकडे बोलपटानं नाटक कंपन्यांची कंबर मोडली होती. सुवर्णकाळ म्हणतात तो आपल्या शेजारून निघून गेला. आपल्या वाट्याला आली ती तबकडी, आणि नंतर रेडिओ. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावतात. बोलणं त्यात बसत नाही. म्हणजे आपल्याला संगीत नाटक मिळालं तेच मुळी नाटक वगळून.

पण आपल्या मातीचा एक मोठा माणूस त्या जगात पोचलेला होता. १९३५ साली प्रभात कंपनीनं ‘धर्मात्मा’ काढला आणि त्यात बालगंधर्व झाले पैठणचे एकनाथ. जन्मभर स्त्रीभूमिका केलेल्या माणसानं पडद्यावर नाथांचं रूप घेतलं. नाथांनी तरी दुसरं काय केलं होतं? भारुडात त्यांनी जोशी, वासुदेव, महार, मुरळी अशा किती जणांच्या तोंडी शब्द दिले. स्वतःचं बाजूला ठेवून दुसऱ्याच्या तोंडून बोलायचं ही विद्या मराठवाड्यात सोळाव्या शतकापासून आहे.

सुवर्णकाळाबद्दल फार सांगत नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला संयुक्त ‘मानापमान’, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले. गंधर्वांच्या साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत, यावरून त्या कंपनीच्या संगीताची इयत्ता कळावी. गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीचा रंग आणला, भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी आणल्या. नाट्यसंगीत श्रीमंत झालं. याच काळात पद मोठं होत गेलं आणि प्रसंग त्याच्यासाठी थांबायला लागला, हेही मी म्हणेन. लोकांनी पुन्हा पुन्हा मागणी करावी, गायकानं पुन्हा पुन्हा गावं, आणि समोरच्या पात्रानं पुतळ्यासारखं उभं राहावं. पात्राच्या तोंडी आलेलं गाणं हळूहळू गवयाच्या मालकीचं झालं. माझ्या मते संगीत नाटकाला बोलपटानं मारण्याच्या आधीच ही कीड लागली होती.

तरी त्याच काळात ‘एकच प्याला’ आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले, आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळीनं बडोद्याला त्याचा पहिला प्रयोग केला. पदं वि. सी. गुर्जरांची. शालू-शेले, दागिने, अत्तर यांत वावरणारे बालगंधर्व सिंधू झाले ते ठिगळाच्या लुगड्यात. दारूनं घर बुडालंय, आणि सिंधू लोकांचं दळण दळून लेकराला जगवतेय. त्या नाटकातली तिची पदं घरगुती वळणाची आहेत, बायकांच्या गाण्यांच्या जवळची. सिंधू जात्यावर बसली की आपल्या भागातल्या बाईला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त, त्यांत आपल्या जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांच्याही ओव्या आहेत. त्या बायांनी आपलं दुःख दुसऱ्या कुणाला गायला दिलं नव्हतं. पहाटे उठून, जात्याच्या घरघरीत, स्वतःच गायलं होतं. रंगभूमीनं जे १८८० मध्ये केलं ते या बाया त्याच्या कितीतरी आधीपासून करत होत्या. फक्त ऐकायला समोर कुणी नव्हतं.

आणि आता ‘शारदा’. खरं तर मी आज इथे आलोय तो ‘शारदे’साठी.

गोविंद बल्लाळ देवल हे सांगलीजवळच्या हरिपूरचे, किर्लोस्करांच्या तालमीतले. १३ जानेवारी १८९९ ला किर्लोस्कर मंडळीनं ‘शारदे’चा पहिला प्रयोग इंदूरला केला. सामाजिक प्रश्नावरचं पहिलं स्वतंत्र मराठी संगीत नाटक म्हणून त्याचा मान आहे. गोष्ट अशी : भुजंगनाथ नावाच्या पैसेवाल्या म्हाताऱ्याला पुन्हा बोहल्यावर चढायचंय. भद्रेश्वर दीक्षित नावाचा मध्यस्थ ते जुळवून द्यायला बसलेला आहे. कांचनभटाला पैसा हवाय आणि त्याच्या पदरी शारदा नावाची मुलगी आहे. कोदंड नावाचा एक तरुण हे थोपवायला धडपडतो. शेवटी वधू-वर सगोत्र निघतात म्हणून लग्न मोडतं. बाप शहाणा झाला म्हणून मोडलं नाही, म्हाताऱ्याला लाज वाटली म्हणून मोडलं नाही. गोत्र आड आलं म्हणून मोडलं. देवलांनी समाजाला किती बारकाईनं ओळखलं होतं ते यावरून बघा.

पण माझ्या मनात घर करून आहे ते शारदेचं आणि तिच्या मैत्रिणींचं गाणं. वल्लरी आणि इतर मुली म्हाताऱ्या नवऱ्याची थट्टा करतात, त्याचं वय, त्याचं रूप, गाण्यात घोळवून घोळवून. ती चाल मुलींच्या खेळातल्या गाण्यासारखी आहे. प्रेक्षक हसतात. मी पाहिलेल्या एका प्रयोगात अख्खं सभागृह हसत होतं. मुलींचं हसू थांबतं, त्या आपापल्या घरी जायच्या असतात, आणि शारदेला ज्या घरी जायचंय ते घर म्हाताऱ्याचं आहे. पुढे शारदेच्या तोंडी भीतीचं पद येतं. त्या पदात तक्रार नाही, बापाला शिव्या नाहीत. पोरीला भीती वाटते एवढंच आहे. भाव्यांच्या काळी हेच नाटक लिहिलं गेलं असतं, तर सूत्रधार पुढे येऊन गायला असता, की बघा हो, या कोवळ्या मुलीवर कसा प्रसंग आला. लोकांनी डोळे पुसले असते. देवलांनी ते गाणं शारदेला दिलं. आणि एकदा ती स्वतः गायली, की तिच्यावर दया करून घरी जाता येत नाही. तिला उत्तर द्यावं लागतं.

हे मी युसूफ वडगावात का सांगतोय, हे इथल्या प्रत्येकाला कळलं असेल. आपला जिल्हा ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरतात आणि माणसं सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते. लग्न झालं की नवा कोयता तयार होतो. घरी वयात आलेली मुलगी असेल, तर तिला सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवायची हा आई-बापापुढचा खरा, रात्री झोप न येऊ देणारा प्रश्न आहे. त्यातून आठवी-नववीतल्या मुलींची लग्नं लागतात. बीड जिल्ह्याचं नाव बालविवाहांच्या बाबतीत राज्यात पुढे आहे, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि गावात ती दबक्या आवाजात बोलली जाते.

इथला बाप कांचनभट नाही. हे मला ठासून सांगायचंय, कारण शहरातून येणारी माणसं आपल्या आई-बापाला चटकन कांचनभटाच्या रांगेत बसवतात. कांचनभटाला लोभ होता. आपल्या माणसाला भीती आहे, आणि त्या भीतीला कारण आहे. रिकाम्या घराचं, रिकाम्या शिवाराचं, लांबच्या शाळेचं कारण. भुजंगनाथही इथे नाही. नवरा मुलगाच असतो, एकोणीस-वीस वर्षांचा, त्यालाही कुणी विचारलेलं नसतं. भद्रेश्वर दीक्षित मात्र आजही आहे. तो ओळखू येतो. दोन्हीकडे चहा पितो, कुंडलीपेक्षा हंगामाची तारीख बघतो, आणि मुलीचं वय विचारायचं नसतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

कायदे झाले. १९२९ चा कायदा आला, हरविलास सारडांच्या नावावरून लोक त्याला सारडा कायदा म्हणतात. त्यानं मुलीचं वय चौदा ठरवलं. १९७८ मध्ये ते अठरा झालं. २००६ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा नवा कायदा आला. अहवाल निघतात, पथकं येतात, भाषणं होतात, मीही आता करतोच आहे. या सगळ्यात मुलीविषयी पुष्कळ बोललं जातं. सूत्रधार खूप झालेत. सवाशे वर्षांपूर्वी एका हरिपूरकरानं लिहून ठेवलेली पदं आपल्याकडे आहेत, ज्यांत ती मुलगी स्वतः बोलते, आणि ती पदं आपण मैफलीत टाळ्यांसाठी राखून ठेवली आहेत.

एक गोष्ट खटकते आणि ती झाकायची नाही. १८९९ साली शारदा झालेला मुलगा होता. सुभद्रा पुरुष, शकुंतला पुरुष, सिंधू पुरुष. ज्याची गोष्ट त्याच्या तोंडी गाणं दिलं, पण बाईचं तोंड पुरुषाचंच राहिलं. त्या नटांनी ती कामं अशी जीव ओतून केली, की त्यांच्या कलेपुढे मी हात जोडतो. तरीही ते अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं काम हिराबाई बडोदेकरांसारख्या बायकांनी केलं, ज्योत्स्ना भोळ्यांनी केलं. १९४२ च्या ‘कुलवधू’त ज्योत्स्नाबाई गायल्या तेव्हा मराठी घरातली सून खऱ्याखुऱ्या बाईच्या आवाजात बोलली. जयमाला शिलेदारांनी जयराम शिलेदारांबरोबर ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था चालवली, आणि ज्या काळात संगीत नाटक संपलं असं सगळे धरून चालले होते त्या काळात गावोगाव ‘सौभद्र’, ‘स्वयंवर’ नेलं. त्यांची मुलगी कीर्ती शिलेदार २०१८ मध्ये नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. २०२२ मध्ये त्या गेल्या. त्याच जानेवारीत रामदास कामतही गेले. २००९ चं नाट्यसंमेलन बीडला भरलं होतं, त्याचे अध्यक्ष कामतच होते. ‘मत्स्यगंधा’तला पराशर आपल्या जिल्ह्याच्या गावी संमेलनाध्यक्ष म्हणून आला होता, याची आठवण आपण ठेवायला हवी.

जितेंद्र अभिषेकींचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’त आणि १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’त त्यांनी पद पुन्हा आटोपशीर केलं, पात्राच्या हाती परत दिलं. ‘कट्यार’मधले खाँसाहेब वसंतराव देशपांड्यांनी केले. तिथे गायन हाच गोष्टीचा विषय आहे, म्हणून गवई आणि पात्र यांच्यात भांडण उरत नाही. २०१५ ला त्याचा सिनेमा आला आणि आपल्या तालुक्यातली पोरं कानात तार घालून ती पदं ऐकत बसलेली मी एसटीत पाहिली. तेव्हा कान मेलेला नाही. अमेरिकेत १९४३ च्या ‘ओक्लाहोमा’पासून त्यांच्या संगीत नाटकानं नवं वळण घेतलं असं तिकडचे अभ्यासक मानतात, कारण त्यातली गाणी गोष्टीतून उगवतात. आपल्याकडे ‘शारदा’ त्याच्या चव्वेचाळीस वर्षं आधी उभी होती. ती उभी राहिली, आणि आपण तिची पदं तेवढी काढून नेली.

तर माझं मागणं आहे. गावानं पुढच्या गणपतीत ‘शारदा’ करावी. गणपती अशासाठी, की तेव्हा सगळे गावात असतात, दसऱ्यानंतर निम्मी घरं बंद होतील. अख्खं नाटक नको, ते झेपणार नाही आणि आजच्या कानाला जडही जाईल. तीन-चार प्रवेश निवडू : भद्रेश्वर आणि कांचनभटाची बोलणी, मैत्रिणींची थट्टा, शारदेचं भीतीचं पद, आणि मांडवात लग्न मोडतं तो गोंधळ. देवलांना जाऊन शंभर वर्षं उलटली आहेत, संहिता वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. भाषा जुनी आहे, पण ती बदलू नका. आपले लोक ज्ञानेश्वरी ऐकतात, देवलांची भाषा त्यांना जड जाणार नाही. वाद्यं गावातच आहेत. भजनी मंडळाची पेटी आहे. तबला नसेल तर पखवाज चालेल, चाली तशा साध्या आहेत. पदांच्या चाली बसवायला आपले गायनाचार्य आहेत. त्यांनी कित्येक अभंगांना नाट्यपदांच्या चाली लावलेल्या मी ऐकल्या आहेत, आता उलट्या वाटेनं यायचं. कांचनभटाचं काम कुणी करायचं यावर वाद होईल. ते काम एखाद्या मुकादमानं करावं असं मला मनापासून वाटतं, आणि माझ्या ओळखीचा एक जण तयार होईल.

शिक्षकांना आणि आई-बापांना माझी अट एकच. शारदेचं काम गावातल्या मुलीनं करायचं, आठवी-नववीतल्या. तिला गाता येतं की नाही हे बघून निवडू नका. पडद्यामागून कुणी चांगल्या गळ्याच्या बाईनं पद म्हणायचं आणि पुढे मुलीनं ओठ हलवायचे, असं करायचं नाही, रेकॉर्ड लावायची नाही. तिचा सूर लागला तर लागला. जिथे लागणार नाही तिथे तिनं ते शब्द बोलून म्हणावेत, पेटीवाल्यानं तोवर नुसता षड्ज धरून थांबावं.